चौथ्या खांदेकऱ्याचा पाय

तिसऱ्या खांदेकऱ्याचे पाय धुऊन होईपर्यंत भागवतच्या गुडघ्यांखालची माती चिखल झाली होती. तुळतुळीत केलेल्या डोक्यावर फाल्गुनाचं ऊन बसत होतं. आबांचा, वडिलांचा, आज तेरावा दिवस. त्याच्या शेजारी सृष्टी नवा टॉवेल घेऊन उभी होती. तेरा दिवसांत बहीण-भावात जेवढं बोलणं झालं, ते सगळं भांडी, चटया आणि आचाऱ्याबद्दल होतं.

ज्या चौघांनी खांदा दिला, त्यांचे पाय तेरवीला मुलानं धुवायचे, मुलीनं पुसायचे, मग चौघांना पाटावर बसवायचं. ते जेवल्याशिवाय मांडवातल्या कुणी घास उचलायचा नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याच्या बाजूच्या या गावात हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

"नीट घासलेस ना रं भागवत," पाय पुसून घेताना प्रेमानंद म्हणाला. "विश्वंभरनं जन्मात माझ्या पायाला पानी लागू दिलं न्हाई. हळदीला पानी धरायचं असलं की हा बांधावर, आन् मी चिखलात."

बसलेली माणसं हसली. भागवतही हसला. आबांचं नाव निघाल्यावर तो आज पहिल्यांदा हसला होता.

"चला, महेबूबचाचा."

महेबूब पाटावर येऊन बसले. हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला जोडून शिवाराशिवारात फिरणारा हा माणूस आबांचा चाळीस वर्षांचा सोबती. खांदा देताना ते लंगडत होते, हे भागवतला आत्ता आठवलं. तिरडी नदीपर्यंत नेईस्तोवर त्यांनी दोनदा खांदा बदलला होता. तेव्हा वाटलं होतं, दुःखानं पाय उचलत नसेल.

उजवा पाय त्यांनी पुढं केला. डाव्या पायात काळा मोजा होता.

"मोजा काढा चाचा."

"एकच धू बेटा. एकात दोन्ही आले."

"असं कसं?" ओसरीवरून किसनकाकांनी आवाज दिला. आबांचे थोरले भाऊ. आजचा सगळा कारभार त्यांच्याकडं होता. "एका पायानं गेलतास का रं नदीवर?"

"भाऊ, त्या पायाला पानी लावायचं न्हाई. दवा लावलीय."

भागवतनं उजवा पाय धुतला आणि बाजूला सरकला. सृष्टी टॉवेल घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली.

•

शिऱ्याच्या तुपाचा वास होता. पलीकडच्या वावरात शिजणाऱ्या हळदीचा होता. त्या दोन्हींच्या खालून तिसरा वास वर आला, आणि सृष्टीला तो ओळखायला क्षणही लागला नाही. नांदेडच्या दवाखान्यात आबांच्या खाटेशी चार दिवस ती त्याच वासाशेजारी बसली होती.

"कसली दवा चाचा?"

महेबूब मनापासून हसले. "घ्या! मालकीणच इचारून राहिली. तुझीच की बेटा."

"माझी?"

"दिवाळीत तू विश्वंभरला दिलती ना, पांढरी जाळी. कोष्ट्यानं इणल्यासारखी. गेल्या महिन्यात मला कुकरच्या वाफंनं चटका बसला, तो भरंना. शुगर हाय ना मलाबी. तर विश्वंभर म्हणला, थांब. माझ्या पायाला बी लावायचीच हाय. ब्लेडनं मधोमध कापली त्यानं. अर्धी त्याला, अर्धी मला." त्यांनी आवाज थोडा चढवला, मांडवातल्यांनाही ऐकू जावा म्हणून. "म्हणला, डागदर बोटं कापतो, माझी पोरगी बोटं उगवते."

टॉवेल नुसता दमट होता. तरी सृष्टीनं तो पिळला.

मग तिनं चाचांचा उजवा पाय पुसला, टाच, बोटं, बोटांच्या मधली जागा. आणि घरात गेली.

टीव्हीच्या खालच्या फळीवर तिच्या सत्काराचं मानचिन्ह होतं. आडवं चपटं सोनेरी काहीतरी, पुस्तक आणि पणती. दोन वर्षांपूर्वी हिंगोलीच्या वर्तमानपत्रात बातमी आली होती, 'गावची लेक करणार जखमांवर मात', आणि गावानं शाळेच्या पटांगणात सत्कार केला होता. मानचिन्हाच्या मागं, जिथं आबा पावत्या आणि चष्म्याचं जुनं घर ठेवायचे, तिथं ती प्लास्टिकची गोल चपटी डबी होती. झाकणावर तिचंच अक्षर: एस-४१, खाली ऑक्टोबरची तारीख.

डबी रिकामी होती. तळाला ब्लेडची सरळ रेघ उमटली होती. आबांनी माप घेऊन कापलं होतं. कुणाला कमी-जास्त होऊ नये म्हणून.

दिवाळीत ओसरीवर बसून तिनं त्यांना ती डबी दाखवली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत आपण काय करतो, हे सहा वर्षांत तिनं घरी कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगावंसं वाटलं. सुईच्या टोकाशी विजेचा मोठा दाब देऊन पातळ द्रावण ओढलं की त्याचं सूत निघतं, आबा. केसाच्या चारशेव्या हिश्श्याइतकं बारीक. ते फिरत्या नळकांड्यावर गोळा होतं आणि अशी जाळी बनते. तिच्यावर मूळपेशी सोडायच्या. मूळपेशी म्हणजे ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही अशा पेशी. त्यांना बरोबर जागा मिळाली तर त्यातून कातडं होऊ शकतं, मांस होऊ शकतं.

"म्हंजे मांडव," आबा म्हणाले होते. "वेल चढायला."

"हो. मांडवच."

"आन् शुगरच्या माणसाच्या जखमेवर?"

"त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"हुईल?"

"होईल ना आबा," ती म्हणाली होती.

एस-४१ फसलेली होती, हे तिनं सांगितलं होतं का? 'ही वाया गेलेली आहे, म्हणून आणता आली' असं काहीतरी ती हसत म्हणाली होती. तिच्यात द्रावक शिल्लक राहिला होता. त्या जाळीवर सोडलेल्या पेशी दोन दिवसांत मेल्या होत्या. पण ती दिसायला सुंदर होती, सगळ्या तुकड्यांत सर्वांत पांढरी, आणि दाखवायला तीच बरी म्हणून तिनं उचलली होती. उन्हात धरून आबा तिच्यातून लिंबाच्या झाडाकडं बघत राहिले होते.

ती डबी घेऊन जमिनीवर बसली.

नांदेडच्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी चिमट्यात काहीतरी धरून दाखवलं होतं. ओलं, पिवळट, चोळामोळा झालेलं. "हे जखमेत आत रुतलेलं निघालं. काय बांधलं होतं यांना?" आणि सृष्टी म्हणाली होती, "कापूस असेल. गावाकडं बांधतात." तिच्या आवाजात थोडी लाजही होती, गावाबद्दलची. सहा वर्षं जे रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, ते तिला चिमट्यात ओळखू आलं नव्हतं.

•

"भागवत, तिला बोलव. पानं वाढून झाली," किसनकाका सांगत होते. भागवत आत गेला तर सृष्टी जमिनीवर बसली होती आणि डबीचं झाकण लावत होती, काढत होती, लावत होती.

"काय झालं?"

तिनं सांगितलं. सरळ वाक्यांत, परीक्षकासमोर सांगावं तसं. जखमेत ही जाळी गेली. ती निर्जंतुक नव्हती. तिच्यात विषारी अंश होता. जखम वरून झाकली गेली आणि आत सडत राहिली. चाचांच्या पायात आत्ता तेच चाललंय.

भागवत दाराला टेकून उभा राहिला.

"म्हंजे तुला ठाऊकच नव्हतं?" तो म्हणाला.

"मला कसं माहीत असणार?"

"आबा म्हणले, आठ दिस थांब, सृष्टीची दवा लावलीय. मला वाटलं फोनवर तूच सांगितलं. मी काहून इचारू? बारावी नापास माणूस मी. मी गाडी काढली होती, सृष्टी. हिंगोलीला न्यायला. हळद चालू होती तरी काढली होती. आबा खाटेवरून खालीच उतरंनात. आन् तेरा दिस तू माझ्याकडं अशी पाहून राहिली, जसं मीच बापाला वावरात सडू दिलं. मी म्हणलो, हिनं सोताच दवा दिली, आन् हीच मला डोळे दाखविते. काय बोलायचं हिच्याशी."

सृष्टीला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला, तिच्यासमोर, आणि डबी तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

किसनकाका आत आले. दोघांची तोंडं बघून त्यांनी दार लोटलं.

•

किसनराव गेल्या तेरा दिवसांत कुठल्याच रात्री चार तासांपेक्षा जास्त झोपले नव्हते. धाकटा भाऊ आधी गेला, याची त्यांना आतून शरम वाटत होती. ती कुणाला सांगता येत नाही, म्हणून ते कामाला लागले होते. सृष्टीचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी पुढचं काम ठरवलं.

"महेबूबला जेवून झाल्यावर म्हणू, डागदरला दाखव. बस. बाकी काही बोलायचं न्हाई."

"ते जाणार नाहीत काका. त्यांना वाटतं बरं होतंय."

"कशावरून?"

"दुखायचं थांबलं असेल. आबांचंही थांबलं होतं. नस मेली की दुखत नाही."

"मंग जोर देऊन सांगू."

"आबा पायानं गेले हे सांगितलं तर जातील."

किसनरावांनी मान हलवली. गावात त्यांनीच सांगितलं होतं, विश्वंभरला अटॅक आला. नांदेडहून गाडी निघाली तेव्हाच फोन करून. शेवटी हृदयच बंद पडलं ना, मग खोटं काय त्यात? नाहीतर लोक म्हणाले असते, पोरानं हळद काढली आन् बाप घालवला. भागवतला या गावात उभं आयुष्य काढायचं होतं.

"ऐक सृष्टी. पायानं गेला म्हणलीस की लोक इचारतील, पाय काहून सडला? पट्टी कशाची होती? कोनं दिली?"

"मी दिली. सांगते मी."

"तू सांगशील गं. तू उद्या पुन्याला जाशील." त्यांनी आवाज खाली आणला आणि पलीकडच्या खोलीकडं बोट केलं. "आन् पट्टी कोनं बांधली? रोज सकाळी, संध्याकाळी? ते बी सांगशील?"

सृष्टीच्या लक्षात आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. डबी, जाळी, पेशी, डॉक्टर, चिमटा. या सगळ्यात मायचे हात तिच्या नजरेला पडलेच नव्हते.

"माय जगंल का मंग?" किसनराव म्हणाले. "तू तुझं मन मोकळं करशील. ती जन्मभर हात पाहत बसंल."

भागवत म्हणाला, "मी बोलून पाहतो चाचांशी. न सांगता होतं का पाहू."

•

मांडवात चार पाट मांडले होते. तिघं बसले होते, महेबूब चौथे. त्यांना मघापासून थंडी वाजत होती. इतक्या उन्हात थंडी, म्हणून त्यांनी उपरणं गच्च ओढून घेतलं होतं. पानात वरण-भात, भाजी, पोळी, शिरा. शिरा बाजूला सारावा लागणार. विश्वंभर असता तर त्यानं स्वतःच्या पानात ओढून घेतला असता आणि म्हणाला असता, माझी शुगर तुझ्यापेक्षा जुनी हाय, तिला मान दे.

भागवत येऊन उकिडवा बसला.

"चाचा, जेवनं झाली की नांदेडला जाऊ. पाय दाखवून येऊ."

"काहून?"

"असंच. आबांचं असं झाल्यापासून भ्याव वाटतं."

"अरे, त्याला अटॅक आला. अटॅकचा आन् पायाचा काय संबंध?" महेबूब म्हणाले. "त्याचा पाय तर चांगला भरून येऊन राहिला होता. मला सोता म्हणला, आठव्या दिवशी. दुखनं गायब!"

"दुखनं गेलं म्हंजे..."

"तुझी चाची खुर्शीदबी बी हेच म्हणती. डागदर, डागदर. मागच्या साली सेनगावच्या माझ्या साडूला नेलं. एक बोट कापलं, मंग पाऊल, मंग गुडघा. तिसऱ्यांदा नेलं तर आणलंच न्हाई परत." त्यांनी भागवतच्या खांद्यावर हात ठेवला. हात तापलेला होता. "मला विश्वंभरनं हातानं लावून दिलंय बेटा. त्यानं दिलेली शेवटची चीज हाय. मी काढणार न्हाई."

भागवतनं ओसरीकडं बघितलं. सृष्टी खांबाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती पायरी उतरली. किसनकाकांनी तिचा दंड धरला, जोरानं नाही, लहानपणी विहिरीच्या काठावरून मागं ओढायचे तसा.

"मायचं काय?" ते पुटपुटले.

"चाचांचं काय?" ती म्हणाली.

•

ओसरीच्या खिडकीला लागून आतल्या खोलीत माय, मंजुळाबाई, बसल्या होत्या. तेरा दिवस त्याच जागी. आलेल्या बायका जवळ बसून रडायच्या, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि कुणाला तरी सांगून त्यांनाच पाणी द्यायचं, असं चाललं होतं. दार लोटून पलीकडं मघाशी जे बोलणं झालं, त्यातलं निम्मं त्यांनी ऐकलं होतं. उरलेलं निम्मं त्यांना आधीपासून माहीत होतं.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जाळी दिसत नव्हती. मांसात शिरली होती. कडेनं थोडी वर आली होती, ती त्यांनी नखानं ओढली तर तिच्यासोबत कातडं आलं, आणि खालून जे आलं ते त्यांनी जुन्या धोतरानं पुसलं. "अवो, हे बरं दिसत न्हाई." नवरा म्हणाला, "राहू दे. मिसळून राहिलं ते. पोरगी म्हणलीय, मांडव असतो, वर वेल चढतो." पोरीचं नाव घेतल्यावर त्या गप्प बसल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. पोरीला आलं होतं, एवढंच त्यांना पुरे होतं.

नांदेडला डॉक्टरनं चिमटा वर धरला तेव्हा त्या दाराशीच होत्या. त्यांनी ते ओळखलं. सृष्टी म्हणाली, कापूस असेल. आणि मंजुळाबाईंनी त्याच क्षणी ठरवलं, तर मग कापूसच. पोरीला कळू द्यायचं नाही. जे जळायचं ते यांच्याबरोबर जळून गेलं.

दुसरा अर्धा भाग असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. डबी रिकामी दिसली तेव्हा त्यांना वाटलं होतं, यांनी सगळी जाळी स्वतःलाच लावली.

बाहेर सृष्टीचा आवाज आला. "चाचा, आबांना अटॅक..."

मंजुळाबाई उठल्या. शेजारी बसलेली रुख्मिणीबाई म्हणाली, "अवो, कुटं? तुमी आज भाईर जाऊ नये."

"बसा तुमी."

त्या ओसरीवर आल्या तेव्हा मांडवातला गलका हळूहळू बसला. तेरवी उरकेपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर येणार नाहीत, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. पांढऱ्या-निळ्या लुगड्यातली ती बुटकी बाई पायऱ्या उतरली, पाय धुवायची परात आणि तांब्या उचलला आणि महेबूबच्या पाटासमोर येऊन खाली बसली.

"माय, मी सांगते," सृष्टी म्हणाली.

"तू गप."

"भाभी?" महेबूब उठायला लागले.

"बसा भाई. ह्यांना अटॅक न्हाई आला. पायानं गेले ते."

कुणीतरी पाण्याचा जग खाली ठेवला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"ती जाळी मी बांधली ह्यांच्या पायाला. ह्या हातांनी. मला दिसून राहिलं होतं आत काय चाललंय. मी बोलले न्हाई. दुखायचं थांबलं तवा हे बी हासले, तुमच्यासारकेच. त्याच्यानंतर सहा दिस." त्यांनी मोज्याला हात घातला. "आता पाय द्या."

"भाभी, लोकांसमोर..."

"लोकांसमोर खांदा दिलात ना? लोकांसमोर पाय बी द्या."

महेबूबनं पाय सोडला. मोजा निघाला तशी प्रेमानंदनं मान वळवली. मंजुळाबाईंनी वळवली नाही. पट्टीचा शेवटचा पदर चिकटला होता. त्या त्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहिल्या. सृष्टी शेजारी गुडघ्यावर बसली आणि त्यांचे हात हलकेच बाजूला केले.

"ओढू नको माय. खालचं काढायचं नाही आता. ते दवाखान्यात काढतील."

"तुला कवा कळलं?"

"आत्ता. तुला?"

मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं. तेरा दिवस दोघी एकाच पांघरुणाखाली झोपल्या होत्या. मग मंजुळाबाईंनी पदर ओला केला आणि पट्टीच्या कडेची चांगली कातडी पुसायला घेतली, कारण हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नव्हतं.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. जाळीचा एक कोपरा वर आलेला होता, अजून पांढरा.

महेबूब पायाकडं बघत नव्हते. ते विश्वंभरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा फसवलं गेलेल्या माणसाचा नव्हता. मित्र आपल्याआधी एकटा कशातून गेला, ते त्यांना आत्ता समजत होतं.

"त्याला तकलीफ झाली?" त्यांनी विचारलं.

"लई झाली," मंजुळाबाई म्हणाल्या.

किसनराव ओसरीवर उभे होते. मांडवातली दोनशे डोकी आता त्यांच्याकडं वळली होती. कारभारी काय बोलतो ते बघायला. आपण पसरवलेली गोष्ट आपणच कशी उचलायची, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"भागवतवर कोनी बोट दाखवायचं न्हाई," ते म्हणाले. "अटॅक मी सांगितला होता. माझं चुकलं." मग पायऱ्या उतरून ते महेबूबच्या काखेखाली शिरले. "ऊठ. माझ्या खांद्यावर टाक वजन. टाक रं, मरत न्हाई मी."

"भाऊ, चौघं जेवल्याबिगर पंगत..."

"पंगत थांबंल न्हाईतर उठून जाईल. तुझं पान झाकून ठेवितो."

आणि मंजुळाबाईंनी खरंच एक परात आणून ते पान झाकलं.

•

भागवतनं पिकअप सुरू केली तेव्हा खुर्शीदबी धावत आली आणि काही न विचारता पुढं बसली. मागं हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर गादी टाकून महेबूबना आडवं केलं. सृष्टीनं त्यांचा पाय मांडीवर घेतला, खाली तोच नवा टॉवेल. नांदेडच्या डॉक्टरना तिनं फोन केला. पुरुष, साठ वर्षं, मधुमेह, ताप, दोन बोटं काळी. "जखमेत काय आहे?" पलीकडून विचारलं. या खेपेला तिनं पॉलिमरचं नाव सांगितलं, द्रावकाचं नाव सांगितलं, तुकड्याचा क्रमांक सांगितला. तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी बनवलंय. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही चिमट्यात दाखवलं होतं, तेही माझंच होतं."

मग ते म्हणाले, "या लवकर. पोटात काही देऊ नका."

वसमत मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उकडलेली हळद वाळत घातली होती, मैलभर, पिवळीधमक. महेबूब तिच्याकडं बघत पडून होते. त्यातली निम्मी त्यांनीच शिजवली असेल.

"सृष्टी."

"हां चाचा."

"बोटं जातील?"

मागच्या काचेतून भागवतचं मुंडण केलेलं डोकं दिसत होतं. तो गाडी हळू घेत होता, खड्डे चुकवत.

"जातील चाचा. दोन्ही."

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं, गुंगी आली.

"आन् पाय? पाय ऱ्हाईल ना? तुला समजतं त्यातलं."

सत्काराच्या दिवशी, दिवाळीत, फोनवर, या गावातल्या माणसांनी जे जे विचारलं त्याला ती 'होईल' म्हणत आली होती. त्यांना बरं वाटायचं. तिलाही वाटायचं.

"मला माहीत नाही, चाचा," ती म्हणाली.

आणि पायाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी तो धरून बसली.